तांदूळच तर आहे!

पत्राचा गोषवारा (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) : पत्रलेखक ५२ वर्षांचे असून गेली एकोणीस वर्षे न्यू जर्सीत राहतात. त्यांच्या वडिलांना ५३व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता. गेल्या वर्षी तपासणीत पत्रलेखकांचे एलडीएल (‘वाईट’ म्हटले जाणारे) कोलेस्टेरॉल १६८ निघाले आणि डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातील गोळी सुचवली. वडील त्याच गटातील गोळी घेत आणि पाय ओढतात म्हणून शेवटपर्यंत कुरकुरत, त्यामुळे पत्रलेखकांनी ती सुरूच केली नाही. कचेरीतील एका सहकाऱ्याने सांगितले म्हणून त्यांनी ‘रेड यीस्ट राइस’ या पारंपरिक चिनी औषधाच्या कॅप्सूल दुकानातून आणल्या आणि चार महिन्यांत एलडीएल १३१ वर आले. ‘आहार चांगला सांभाळलात’ असे डॉक्टर म्हणाले. पत्रलेखक गप्प राहिले. पत्नी म्हणते, डॉक्टरांना खरे सांगा. पत्रलेखकांचा प्रश्न असा की, हजारो वर्षे वापरात असलेला नैसर्गिक उपाय लागू पडत असताना रासायनिक गोळी का घ्यावी, आणि सांगून डॉक्टरांना उगाच का दुखवावे? पत्राखाली ताजा कलम आहे : ‘दोन बाटल्या कोल्हापूरला आक्कालाही पाठवल्या. ती ७१ वर्षांची आहे, तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. हल्ली तिच्या मांड्या भरून येतात, पण ते वयामुळे असावे. तिला कॅप्सूलची भीती वाटत नाही. ती म्हणते, तांदूळच तर आहे!’

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्राचे उत्तर मी ताजा कलमापासून सुरू करतो, कारण सगळ्यात निकडीची गोष्ट तुम्ही तिथे जाता जाता लिहिली आहे. अँजिओप्लास्टीत स्टेंट, म्हणजे रोहिणी उघडी ठेवणारी जाळी, बसवलेल्या रुग्णाला स्टॅटिन जवळजवळ हमखास दिली जाते, तेव्हा तुमच्या आक्काही ती घेत असणार. तुम्ही पाठवलेल्या कॅप्सूलमध्येही, कमीअधिक प्रमाणात, स्टॅटिनच असते. म्हणजे एका वयस्क बाईंच्या पोटात एकाच जातीची दोन औषधे जात आहेत, त्यांतील एकाची मात्रा कोणालाच माहीत नाही, आणि त्यांच्या मांड्या दुखत आहेत. हे वयामुळेही असेल. पण तसे गृहीत धरून बसण्याची ही वेळ नाही. तुम्हाला ईमेलने कळवले होते तेच येथे इतर वाचकांसाठी पुन्हा लिहितो. चिनी कॅप्सूल आजच बंद करायची आणि डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायचे. रक्तातील सीपीके (स्नायूंची झीज दाखवणारे), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारे) आणि यकृताच्या तपासण्या करायच्या की नाहीत, नेहमीची स्टॅटिन काही दिवस थांबवायची की चालू ठेवायची, हे डॉक्टर ठरवतील; स्टेंटसाठी दिलेली ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी) मात्र परस्पर बंद करायची नाही. लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा गडद झाला, जिना चढताना किंवा खुर्चीतून उठताना पायांत बळ उरले नाही, ताप आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे. स्नायू झिजून त्यांतील द्रव्ये रक्तात उतरली की मूत्रपिंडावर ताण येतो. असे क्वचित होते, पण होते तेव्हा तासांचा हिशेब असतो.

आता ‘तांदूळच तर आहे’ या वाक्याकडे वळू. त्यात आक्कांची चूक नाही. नावच तसे आहे. कोल्हापूरच्या किंवा कोकणच्या माणसाला ‘लाल तांदूळ’ म्हटले की कोंड्यासकटचा तांबूस भात आठवतो. त्या तांदळाचा रंग त्याच्या कोंड्यात असतो, आणि त्या भाताचा या कॅप्सूलशी काही संबंध नाही. चिनी ‘होंगछू’, म्हणजेच रेड यीस्ट राइस, बनवताना साधा पांढरा तांदूळ वाफवून त्यावर मोनास्कस नावाची बुरशी वाढवतात. तिला ‘यीस्ट’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे, पण ती बुरशीच आहे. काही दिवसांत दाणा आतपर्यंत लालभडक होतो, मग तो वाळवून दळतात. तुम्ही एखादी कॅप्सूल उघडून बशीत रिकामी केलीत तर गेरूसारखी, किंचित आंबूस वासाची पूड दिसेल. आपण इडलीचे किंवा आंबोळीचे पीठ आंबवतो त्याच कुळातली ही कृती आहे. फरक असा की, ही बुरशी वाढता वाढता तांदळात अनेक रसायने तयार करते. त्यांतली काही रंगाची आहेत, एक औषधाचे आहे, आणि एक, ज्याकडे मी पुढे येईन, विषारी आहे.

हजारो वर्षांच्या परंपरेबद्दल तुम्ही आदराने लिहिले आहे आणि तो आदर योग्यच आहे. होंगछू चीनमध्ये फार जुना आहे. दक्षिणेकडील फुज्यान प्रांतात त्यापासून लाल तांदळाची दारू करतात, टोफू त्यात मुरवतात, मांसाला त्याने रंग आणतात. ली शिझेन या वैद्यांनी सोळाव्या शतकात सिद्ध केलेल्या ‘बेनसाओ गांगमू’ या औषधिकोशात त्याची नोंद आहे. पण ती नोंद कशासाठी आहे? पचन सुधारण्यासाठी आणि रक्ताभिसरण मोकळे होण्यासाठी. कोलेस्टेरॉलचा त्यात संबंध नाही आणि असणे शक्यही नव्हते, कारण रक्तातील कोलेस्टेरॉल मोजणे ही विसाव्या शतकातील गोष्ट आहे. शिवाय स्वयंपाकातला होंगछू आणि दुकानातली कॅप्सूल यांतही अंतर आहे. कॅप्सूलसाठी औषधी रसायन अधिक देणारे बुरशीचे वाण निवडून ते नियंत्रित परिस्थितीत वाढवलेले असतात. तेव्हा कोलेस्टेरॉलसाठी रोज दोन कॅप्सूल ही परंपरा चाळीस-पन्नास वर्षांपेक्षा जुनी नाही. आपल्याकडेही जुन्या वनस्पतीच्या नावावर नवा अर्क खपवताना ग्रंथांचा दाखला असाच दिला जातो, म्हणून हे जरा लांबवून सांगितले.

त्या औषधी रसायनाची हकिगत तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर देऊन जाते. अकिरा एंदो हे जपानी जीवरसायनशास्त्रज्ञ सत्तरच्या दशकात हजारो बुरश्या तपासत होते. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या साखळीतील एक कडी अडवणारे द्रव्य त्यांना हवे होते. ते त्यांना आधी एका पेनिसिलियम बुरशीत सापडले आणि पुढे, १९७९ मध्ये, मोनास्कसमध्ये अशाच एका द्रव्याचा शोध लागला. त्याला त्यांनी ‘मोनॅकोलिन के’ असे नाव दिले. त्याच सुमारास अमेरिकेत एका औषध कंपनीने आणखी वेगळ्या बुरशीतून एक द्रव्य वेगळे केले. ते लोव्हास्टॅटिन म्हणून १९८७ मध्ये अमेरिकी बाजारात आले आणि स्टॅटिन गटातील तिथले पहिले औषध ठरले. मोनॅकोलिन के आणि लोव्हास्टॅटिन हा अणुरेणूंनी एकच पदार्थ आहे. सारखा नव्हे, एकच. मी औषधशास्त्र शिकवत असताना दोन्हींची रचना फळ्यावर शेजारी शेजारी काढून ‘फरक शोधा’ असे विद्यार्थ्यांना सांगत असे आणि पाच मिनिटे शांतता पसरे.

म्हणून तुम्ही ज्याला ‘नैसर्गिक विरुद्ध रासायनिक’ म्हणता, ती निवड मुळात तुमच्यासमोर नव्हतीच. पहिली स्टॅटिनही बुरशीतूनच आली आणि तुमच्या कॅप्सूलमधले रसायनही रसायनच आहे. तुमचे एलडीएल १६८ वरून १३१ वर आले, म्हणजे सुमारे २२ टक्के घटले. कमी मात्रेच्या स्टॅटिनने साधारण एवढीच घट अपेक्षित असते. वडिलांच्या आठवणीने जी गोळी तुम्ही नाकारलीत, तिची सख्खी बहीण तुम्ही चार महिने घेत आहात. आणि, हे मुद्दाम सांगतो, ती तुम्हाला सोसली आहे. ही चांगली बातमी आहे. पुढचा निर्णय घेताना ती विसरू नका.

या औषधाची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. ते लागू पडते याचा पुरावा आहे. चीनमध्ये शुएझिकांग नावाचा लाल यीस्ट तांदळाचा प्रमाणित अर्क औषध म्हणून दिला जातो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ४,८७० चिनी रुग्णांवर त्याची सरासरी साडेचार वर्षे चाचणी झाली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पुन्हा झटका येण्याचे किंवा त्यामुळे मृत्यू होण्याचे प्रमाण निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत १०.४ टक्के आणि अर्क घेणाऱ्यांत ५.७ टक्के होते. हा फरक लहान नाही. मात्र त्या अर्कातील घटकांचे प्रमाण ठरलेले होते आणि रुग्ण डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते. तुमच्या बाटलीबद्दल यांतले काहीही म्हणता येत नाही.

बाटली हातात घ्या आणि लेबल वाचा. ‘रेड यीस्ट राइस ६०० मिलिग्रॅम’ अशासारखे काही लिहिलेले असेल. हे पुडीचे वजन झाले. मोनॅकोलिन के किती, ते लिहिलेले नसते. तुम्ही मूळचे कोल्हापूरचे, तेव्हा तुम्हाला सांगायला सोपे आहे : ऊस किती टन गाळला ते लिहिले आहे, साखरेचा उतारा लिहिलेला नाही. आणि इथला उतारा विलक्षण बदलतो. अमेरिकेतील दुकानांतून घेतलेल्या २८ ब्रँडची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील दोहोंत मोनॅकोलिन के आढळलेच नाही. उरलेल्यांत १,२०० मिलिग्रॅम पुडीमागे ते ०.०९ मिलिग्रॅमपासून ५.४८ मिलिग्रॅमपर्यंत होते, म्हणजे साठ पटींहून अधिक तफावत. तुम्ही सवलत पाहून पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीची बाटली उचललीत, तर तुमची मात्रा शून्यावर येऊ शकते किंवा कितीतरी पट वाढू शकते, आणि घरी कोणालाही पत्ता लागणार नाही.

लेबलावरचे हे मौन निव्वळ निष्काळजीपणाचे नाही, त्यामागे कायद्याचा पेच आहे. अमेरिकेत १९९४च्या कायद्याने सप्लिमेंटना औषधांपेक्षा सैल नियम लागू झाले. विक्रीपूर्वी परिणामकारकता सिद्ध करावी लागत नाही. पण ज्या लाल यीस्ट तांदळात मोनॅकोलिन के नाममात्र प्रमाणाहून जास्त आहे, ते सप्लिमेंट नसून मान्यता नसलेले औषध आहे, अशी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाची १९९८पासूनची भूमिका आहे आणि त्यावरून न्यायालयीन लढाईही झाली. परिणाम असा की, जो उत्पादक प्रामाणिकपणे आकडा छापेल तो स्वतःविरुद्धच पुरावा छापेल. मग कोण छापणार? म्हणजे कॅप्सूल नियमात बसणारी असेल तर तिचा उपयोग फारसा नाही, आणि तिचा उपयोग होत असेल तर ती नियमात बसत नाही. तुम्हाला उपयोग झाला आहे, तेव्हा तुमची बाटली कोणत्या बाजूची आहे ते समजून घ्या.

आता त्या विषारी घटकाबद्दल. मोनास्कसच्या काही जाती वाढताना सिट्रिनिन नावाचे विष तयार करतात आणि ते प्राण्यांच्या मूत्रपिंडांना इजा करते, असे प्रयोगांतून दिसले आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या बारा उत्पादनांच्या तपासणीत चारांमध्ये ते जास्त प्रमाणात सापडले. योग्य वाण आणि स्वच्छ प्रक्रिया वापरली तर ते टाळता येते, पण टाळले आहे की नाही हे ग्राहकाला बाहेरून कळत नाही. आणि भेसळ फक्त सिट्रिनिनचीच होते असेही नाही. मार्च २०२४ मध्ये जपानमधील कोबायाशी फार्मास्युटिकल कंपनीने याच लाल तांदळाची, कोलेस्टेरॉलसाठी विकली जाणारी उत्पादने बाजारातून परत घेतली. ती घेणाऱ्या शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले होते, अनेकांची मूत्रपिंडे बाधित झाली होती आणि काही मृत्यूंचीही चौकशी झाली. उत्पादनात शिरलेल्या निळ्या बुरशीने तयार केलेले प्युबेरुलिक ॲसिड तपासात आढळले. जपानसारख्या काटेकोर देशात, नावाजलेल्या कंपनीकडून हे घडले. जिवंत बुरशी वाढवून केलेला पदार्थ असा लहरी असतो. आपल्या घरच्या पिठातही नको ती बुरशी कधी धरते, पण तिथे आपण वास घेऊन पीठ टाकून देतो. बंद कॅप्सूलला वास नसतो.

युरोपीय संघाने २०२२ मध्ये यावर जो नियम केला तो मला शहाणपणाचा वाटतो. दिवसाच्या मात्रेत मोनॅकोलिनचे प्रमाण ३ मिलिग्रॅमपेक्षा कमी असले पाहिजे आणि ते लेबलावर छापले पाहिजे. गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रिया, १८ वर्षांखालील मुले आणि ७० वर्षांवरील माणसे यांनी ते घेऊ नये, तसेच कोलेस्टेरॉलची औषधे घेणाऱ्यांनी घेऊ नये, असा इशाराही त्यावर हवा. ३ मिलिग्रॅम मात्रेवरही गंभीर त्रासाच्या काही नोंदी झाल्याने हा नियम आला. आक्का या यादीत दोनदा बसतात.

वडिलांच्या पायांकडे येतो, कारण मला वाटते तुमच्या निर्णयाचे खरे मूळ तिथे आहे, चीनमध्ये नाही. स्टॅटिनने स्नायू दुखू शकतात, हे खरे आहे. पण दुखणाऱ्या प्रत्येक स्नायूमागे स्टॅटिन असते असे नाही. इंग्लंडमध्ये त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांवर एक नेटका प्रयोग झाला. प्रत्येकाला काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे आलटून पालटून दिले. स्टॅटिनच्या महिन्यांत जो त्रास झाला, त्याचा सुमारे ९० टक्के भाग निष्क्रिय गोळीच्या महिन्यांतही झाला. याचा अर्थ त्यांचा त्रास खोटा होता असा नाही, पाय खरोखरच दुखत होते. पण गोळीची धास्तीही पाय दुखवू शकते. वडिलांचे नेमके कशाने दुखत होते हे आज सांगता येणार नाही. त्यांची तक्रार कोणी मनावर घेतली नसेल, गोळी बदलून पाहिली नसेल, तर ते चुकलेच. तुम्ही मात्र वारसा घेताना ५३व्या वर्षाचा झटका बाजूला ठेवून फक्त पाय ओढण्याची तक्रार घेतली आहे.

डॉक्टरांना सांगण्याबाबत तुमच्या पत्नीचे म्हणणे बरोबर आहे, पण ‘खरे बोलावे’ म्हणून नव्हे. तुमच्या डॉक्टरांनी एक निष्कर्ष काढून फाइलमध्ये लिहून ठेवला आहे : या रुग्णाचे कोलेस्टेरॉल आहाराने उतरते, म्हणून औषध नको. हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे राहणार आहेत. उद्या तुम्हाला खोकला झाला आणि त्यांनी क्लॅरिथ्रोमायसिन हे नेहमीचेच अँटिबायोटिक लिहून दिले, तर ते लोव्हास्टॅटिनचा निचरा करणारी यकृतातली वाट अडवेल आणि रक्तातील मात्रा अनेक पटींनी वाढेल. बुरशीनाशक इट्राकोनॅझोल, रक्तदाबाची डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल, प्रत्यारोपणानंतरची सायक्लोस्पोरिन यांचेही असेच. ग्रेपफ्रूटचा रसही हीच वाट अडवतो. तुमच्या यादीत स्टॅटिन नसल्यामुळे त्यांचा संगणक इशारा देणार नाही. दुखवण्याचे म्हणाल, तर डॉक्टरांना अशा कबुल्या आठवड्याला चार ऐकायला मिळतात. ‘मी चार महिने रेड यीस्ट राइस घेत होतो, तुम्हाला सांगितले नव्हते, ही बाटली’ एवढे पुरे.

तिथून पुढे काय? माझा कौल स्पष्ट आहे : कॅप्सूल सोडून मोजलेल्या मात्रेची गोळी घ्या. अमेरिकेतील २०१८च्या मार्गदर्शक तत्त्वांत वडिलांना ५५ वर्षांच्या आत झालेला हृदयविकार, १६० किंवा अधिक राहणारे एलडीएल आणि दक्षिण आशियाई वंश, हे तिन्ही धोका वाढवणारे घटक मानले आहेत, आणि तुमच्याकडे तिन्ही आहेत. रोसुव्हास्टॅटिन किंवा प्राव्हास्टॅटिन यांचा निचरा वेगळ्या वाटेने होतो, त्यामुळे वर सांगितलेल्यांपैकी बऱ्याच औषधांशी त्यांचा झगडा कमी असतो (सायक्लोस्पोरिनचा अपवाद). कमी मात्रेने सुरुवात करा. पाय दुखले तर सांगा, बदलून घ्या. स्टॅटिन खरोखरच सोसली नाही, तर इझेटिमाइब ही कोलेस्टेरॉल उतरवणारी वेगळ्या गटातील गोळी आहे, आणखीही औषधे आहेत. मन अजून डळमळत असेल, तर हृदयाच्या रोहिण्यांतील कॅल्शियम मोजणारे स्कॅन करता येईल का, असे डॉक्टरांना विचारा. ते शून्य आले तर काही जणांना थांबता येते, पण घराण्यात लवकर हृदयविकार असताना शून्यावरही पूर्ण विसंबत नाहीत. लिपोप्रोटीन (ए) या रक्तातील कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणाची तपासणीही एकदा करून घ्या. ते बहुतांशी आनुवंशिक असते आणि स्टॅटिनने उतरत नाही, म्हणून आधीच माहीत असलेले बरे. फक्त आहारावर भिस्त ठेवायची असेल तर कॅप्सूल थांबवून, काही आठवड्यांनी एलडीएल पुन्हा मोजा. तेव्हा येईल तो आकडा तुमच्या आहाराचा; १३१ हा नव्हे.

आणि तरीही कॅप्सूलच घ्यायची असे ठरवलेत, तर निदान डॉक्टरांच्या माहितीने घ्या, आधी यकृत, मूत्रपिंड आणि सीपीकेच्या तपासण्या करून घ्या, एकच ब्रँड ठेवा, आणि तिच्यासोबत स्टॅटिन कधीही घेऊ नका. ज्यांना यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, जे रोज मद्य घेतात, ज्या स्त्रिया गरोदर आहेत किंवा व्हायचे ठरवत आहेत, अशा वाचकांनी मात्र हा पर्यायच विचारात घेऊ नये. आणि परदेशातून येणाऱ्या सामानात बदाम-पिस्त्यांबरोबर व्हिटॅमिनच्या, ‘हर्बल’च्या बाटल्या येण्याची रीत आता घरोघरी आहे, पाठवणाऱ्यांनी आधी समोरच्याच्या चालू गोळ्यांचा फोटो मागवावा.

उरलेल्या बाटल्या तुम्ही किंवा आक्कांनी फेकू नका. लॉट नंबर दिसेल अशा त्या डॉक्टरांकडे घेऊन जा. आक्कांचा त्रास कॅप्सूलमुळे झाला असे निघाले, तर भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करण्याची सरकारी यंत्रणा आहे आणि तुमच्याकडे अन्न व औषध प्रशासनाची. दोन्हीकडे पहिला प्रश्न त्या नंबराचाच असतो.